जळगावात सलून आहे, कटिंगला वेगळा माणूस आणि कलरला वेगळा माणूस ठेवू का?

कैची_जळगाव

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, थोडं लांब होईल पण पूर्ण वाचून मगच सांगा.

जळगावला आमचं सलून आहे. बाबांनी 1991 ला दोन खुर्च्यांवर टाकलं, तेव्हा निव्वळ दाढी-कटिंग. तीन वर्षांपूर्वी शेजारचा गाळा रिकामा झाला तो मी घेतला आणि लेडीज सेक्शन काढलं, ते बायको बघते. आता पाच खुर्च्या, आम्ही दोघं आणि तीन कारागीर. एक यावलकडचा पोरगा, कटिंगमध्ये एक नंबर, त्याच्याकडूनच फेड मारून घ्यायचा म्हणून कॉलेजची पोरं तास तास बसून राहतात, लेडीजचा लेयर कट पण फार सफाईदार काढतो. दुसरी जामनेरची मुलगी, नाशिकला कोर्स करून आलेली, तिचा हात कलरवर बसलाय. शेड कार्ड उघडायच्या आधी बाईला खिडकीपाशी नेते, बट उजेडात धरते आणि सांगते की खाली चार नंबरची शेड आहे, मुळाशी तीन, मधे जुना कलर साचलाय. तिसरा अजून शिकतोय. आजपर्यंत पद्धत अशी की ज्याचा हात रिकामा तो पुढचं गिऱ्हाईक घेणार, काम कोणतंही असो.

आता झालं असं की आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दोन दिवस आधी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, माहेरी आलेल्या सगळ्या लेकी-बाळी. त्यातली एक हायलाइट करायला आली. जामनेरवाली मुलगी सकाळपासून उपाशी होती ती जेवायला गेलेली, तर कटिंगवाल्या पोराने गिऱ्हाईक थांबू नये म्हणून स्वतः सुरू केलं. ब्लीच पावडर, त्यात 40 व्हॉल्यूमचा म्हणजे एकदम कडक डेव्हलपर (पेरॉक्साइड), का तर लवकर होईल. केसांना आधी काय लावलंय हे विचारलंच नाही. ती बाई दोन वर्षांपासून दर महिन्याला काळी मेहंदी लावत होती. पंधरा मिनिटांत ती म्हणाली फॉइल गरम लागतंय. मी हात लावला तर खरंच चटका बसेल इतकं गरम. बेसिनला नेऊन मी स्वतः वीस मिनिटं गार पाणी सोडलं, बोटात धरली तर ओली बट रबरासारखी ताणली जात होती आणि तुटत होती. कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आणावे लागले. पैसे घेतले नाहीत, तो विषयच नव्हता.

ती काही बोलली नाही, डोळ्यात पाणी होतं फक्त. संध्याकाळी तिची आई आली. ओरडली नाही, काउंटरला हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या पोरीचे केस कोनी केले तेवढं सांगा मले." आणि मला सांगता आलं नाही. मिश्रण एकाने केलं, फॉइल दुसऱ्याने बांधले, धुतलं मी, कापलं बायकोने. मालक म्हणून मी माफी मागितली पण त्या माउलीला जे पाहिजे होतं ते उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते वाक्य अजून कानातून जात नाही.

त्यानंतर मी ठरवतोय की कटिंग कटिंगवाल्याने आणि कलर कलरवालीनेच करायचं, मोठ्या शहरातल्या सलूनमध्ये असतं तसं. पण पोरगा म्हणतो कलर काढून घेतला तर माझं कमिशन अर्ध्यावर येईल (पगाराशिवाय केलेल्या कामाचे दहा टक्के देतो), मुलगी म्हणते मला कटिंग पण शिकायचीय, नुसती वाटी-ब्रश धरून आयुष्य काढायचं नाही. बाबा तर या गोष्टीच्या पूर्ण विरोधात. मागच्या महिन्याची वही बघितली तर कटिंग पाचशेच्या वर आणि कलर चाळीसच्या आसपास, टचअप धरून. एवढ्यात वाटणी परवडते का? कोणी केलंय का आपल्याकडे? कमिशन कसं लावता?

पारोळा_ते_पुणे

भाऊ, मी मूळ पारोळ्याचा, पुण्यात एका मोठ्या सलूनमध्ये सात वर्षं फक्त कटिंग केलं. फक्त म्हणजे फक्त, सात वर्षांत एकदाही कलरची वाटी हातात घेतली नाही. त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगतो.

ही पद्धत आपल्याकडे आली ती लंडनकडून. विदाल ससून यांनी 1954 ला तिथे बाँड स्ट्रीटवर सलून काढलं, नुसत्या कापावर केस जागेवर बसले पाहिजेत, रोलर-स्प्रे काही लागता कामा नये असा त्यांचा हट्ट, आणि कलरचं काम त्यांच्याकडे ॲनी हम्फ्रीज या बाई सांभाळायच्या. कापणारा कापाचाच विचार करणार आणि रंगवणारी रंगाचाच. पण लोक एक गोष्ट विसरतात, तिथे रंग हा कापाच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून लावला जायचा, म्हणजे दोघांना एकमेकांचं काम माहीत असल्याशिवाय ते शक्यच नव्हतं. हात वेगळे पण डोकं एकत्र.

आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की कोरड्या केसांवर, ॲप्रन घालायच्या आधी, कटिंगवाला आणि कलरवाली दोघं आरशासमोर उभे राहणार. पाच-सात मिनिटं. कलरवाली विचारणार मेहंदी लावली का, शेवटचा कलर कधी, स्मूदनिंग झालंय का, कधी खाज किंवा पुरळ आलं होतं का. मी सांगणार की मी इथून एवढं काढणार आहे म्हणजे खालच्या चार इंचावर तुझा माल वाया घालवू नको. मग कार्डावर लिहिलं जायचं, कोणता नंबर, किती ग्रॅम, कोणता व्हॉल्यूम, किती मिनिटं, आणि खाली सही. पुढच्या वेळी ती मुलगी सुट्टीवर असली तरी कार्डावरून दुसरी तेच काम करू शकायची. तुम्हाला त्या माउलीला उत्तर देता आलं नाही ना, ते या कार्डावर असतं. नुसती माणसं वेगळी केली आणि हे केलं नाही तर उलट आणखी वाईट होईल, कारण मग कलरवाली म्हणेल त्याने चुकीचं कापलं आणि तो म्हणेल हिने केस जाळले.

कमिशनचं, आमच्याकडे बिलात दोन ओळी असायच्या, कट माझ्या नावावर आणि कलर तिच्या नावावर. पण कलरचं कमिशन माल वजा करून धरायचे, कारण ट्यूब-डेव्हलपरचा खर्च मोठा, कैचीला खर्च कसला. सरळ दहा टक्के दोघांना ठेवले तर कलरवाली एका बिलात एवढं कमावेल की पोराच्या पाच कटिंग तेवढ्यात येतील, आणि तो महिन्याभरात निघून जाईल.

आता मनातलं एक. मागच्या वर्षी पारोळ्याला परत आलो, स्वतःचं छोटं दुकान टाकलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू रूट टचअपला आल्या आणि मला त्यांना परत पाठवावं लागलं. सात वर्षांचा कारागीर मी आणि साधा टचअप येत नाही. तुमची जामनेरवाली जे म्हणतेय ना ते तिचं बरोबर आहे, मुलांना एका कामात कोंडू नका, आज ना उद्या त्यांना पण गावाकडे स्वतःचं काहीतरी काढायचं असतं.

भुसावळची_ताई

आधी त्या मुलीबद्दल फार वाईट वाटलं. आखाजीला माहेरी आलेली पोर, झोक्यावर बसायचं सोडून केस झाकून बसली असेल.

मी भुसावळला अठरा वर्षं पार्लर चालवते. मी ही वाटणी करून बघितली आणि आठ महिन्यांत मोडली, का मोडली ते सांगते. तुम्ही म्हणता महिन्याला चाळीस कलर. सोमवार सोडून 26 दिवस धरा, म्हणजे रोजचे दीड. एका ग्लोबल कलरला, म्हणजे पूर्ण केसांच्या कलरला, बाई खुर्चीत अडीच तास बसते पण त्यात हाताचं काम तासाभराचं, बाकी वाट बघणं. म्हणजे तुमची कलरवाली दिवसातून दीड-दोन तास काम करणार आणि बाकीचा वेळ बसून राहणार, आणि समोर कटिंगला लाईन लागलेली असणार. माझ्याकडे हेच झालं, बसलेली मुलगी मोबाईल बघते म्हणून बाकीच्या कुरकुरायला लागल्या. मोठ्या शहरात एका वेळी तीन कलर चालू असतात, एकीचा वेळ होतोय तोवर दुसरीला लावतात, तिथे ते जमतं.

मग मी काय केलं तर कलर असं नाव न ठेवता केमिकलचं काम असं केलं. कलर, हायलाइट, स्मूदनिंग, केराटिन, स्पा हे सगळं एकीच्या ताब्यात. मिश्रण ती करणार, व्हॉल्यूम ती ठरवणार, मालाच्या कपाटाची चावी तिच्याकडे. हात रिकामा असला तर ती कटिंग घेऊ शकते. पण उलटं नाही, कटिंगवाली केमिकलला हात लावणार नाही, गिऱ्हाईक निघून गेलं तरी चालेल. एवढा एकच नियम. तुमच्याकडे जो प्रकार झाला तो माणसं वेगळी नव्हती म्हणून नाही झाला, चावी कोणाकडेच नव्हती म्हणून झाला.

आणि हे कोणी शिकवत नाही म्हणून सांगते, आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा आहे. मे महिन्यात 44-45 डिग्री, आपण कूलर लावतो, आणि बाईला कूलरसमोर बसवतो बिचारीला गरम होतंय म्हणून. कूलरच्या वाऱ्याने एका बाजूचं ब्लीच सुकतं आणि सुकलं की ते काम करायचं थांबतं. दुसऱ्या बाजूला काम चालूच. मग एका बाजूला पिवळे आणि एका बाजूला नारिंगी पट्टे येतात आणि आपण म्हणतो माल खराब आला. मुळाशी डोक्याची ऊब असते तिथे लवकर उठतं म्हणून मुळं शेवटी घ्यायची, हे पुस्तकात आहे, पण मे महिन्यात मी ते अंतर अजून वाढवते. कमी व्हॉल्यूम, जास्त लक्ष. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड, 40 म्हणजे 12, बरोबर दुप्पट. पांढरे केस झाकायला 20 पुरतो. आमच्याकडे 40 ची बाटलीच आणत नाही मी.

काळी मेहंदीचं तर दर दोन दिवसांआड येतं. बायका "मेहंदीच लावते, केमिकल नाही लावत" म्हणतात आणि पाकीट बघितलं तर त्यात पीपीडी असतो, म्हणजे डायच. काहींमध्ये धातूचे क्षार पण असतात, त्यांना पेरॉक्साइड लागला की तुम्ही बघितलं तसं तापतं. मी कापलेली छोटी बट वाटीत घेते, 20 व्हॉल्यूममध्ये थोडा अमोनिया टाकून अर्धा तास बुडवून ठेवते. वाटी गरम झाली, वास आला किंवा बटेचा रंग भलताच झाला तर त्या बाईला हात जोडते, की ताई हा भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबा. गिऱ्हाईक तुटतं कधी कधी. तुटू दे.

रंगवाली_धुळे

सगळे कमिशन आणि खुर्चीचं बोलतायत म्हणून मी लिहितेय. मी धुळ्याला देवपुरात एका सलूनमध्ये पाच वर्षं नुसता कलर केला. वाटणी झाली तेव्हा मला पण भारी वाटलं होतं, कलर एक्स्पर्ट म्हणून बोर्डावर फोटो लागला होता.

तिसऱ्या वर्षी बोटांच्या बेचक्यात खाज सुरू झाली. आधी वाटलं साबणाने होतंय. मग भेगा पडल्या, रात्री भाकरी थापताना पीठ लागलं तरी आग व्हायची, भाजीत मीठ टाकायला चमचा लागायचा. स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, पीपीडीची ॲलर्जी निघाली. त्यांनी सांगितलं एकदा ही झाली की जात नाही, तो पदार्थ टाळणं एवढंच हातात. चूक माझी पण होती, एकच हातमोजे धुऊन उलटे करून परत घालायचे, मालक पण म्हणायचे रोज नवे कुठून आणू. त्याशिवाय ब्लीच पावडरचा तो बारीक धूर, डबा उघडला की उठतो ना, त्याने दुसऱ्या एका मुलीला दम्यासारखं व्हायला लागलं. त्या पावडरीत परसल्फेट असतं आणि त्याने दमा होऊ शकतो हे मला तिला ॲडमिट केल्यावर कळलं.

म्हणजे भाऊ, तुम्ही काम वाटता तेव्हा त्रास पण वाटला जातो. आधी चार जणींच्या हाताला थोडं थोडं लागायचं ते आता एकीच्याच हाताला सगळं लागतं. कटिंगवाल्याची मान आणि मनगट जातं हे खरंच, पण त्याची मान दुखली की तो आठवडा सुट्टी घेऊन परत उभा राहतो. माझा धंदाच गेला, आता मी मेकअप आणि मेहंदी करते, ती पण साधी हिरवी मेहंदी.

वाटणी करायची तर करा, तुम्हनी गोट खरी शे की जाणकार हातानेच ते काम व्हावं. पण तिला नायट्राइलचे हातमोजे रोजचे नवे द्या, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे. मिश्रण करायची जागा खिडकीपाशी करा, एक्झॉस्ट फॅन लावा, धूर न उठणारी पावडर मिळते ती आणा. आणि केस धुवायला दुसरं कोणी द्या, दिवसभर ओल्या हातांनी कातडी आधीच नरम पडलेली असते.

अजून एक, पारोळ्याच्या दादांना उद्देशून. कलर धुऊन मग कट करायची पद्धत तुमच्याकडे असेल, पण ताज्या रंगवलेल्या ओल्या केसांत कटिंगवाला उघड्या बोटांनी अर्धा तास काम करतो, त्याने तर हातमोजे घातलेलेच नसतात. म्हणून मोठा कट आधी करून घ्यायचा, मग कलर, आणि शेवटी फक्त टोकं. दोघांचे हात वाचतात आणि मालही कमी लागतो.

पारोळा_ते_पुणे

ताई हे मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही फायनल शेप शेवटी म्हणून शिकलो आणि कधी विचारलंच नाही. हिवाळ्यात माझ्या पण डाव्या हाताची दोन बोटं फुटायची, ज्या बोटांत बट धरतो तीच. आता समजलं. उद्यापासून क्रम बदलतो.

अमळनेर_शिक्षिका

मी सलूनवाली नाही, गिऱ्हाईक आहे. जळगावला दोन-अडीच महिन्यांनी येते, कलर आणि कट दोन्ही करते, म्हणून माझी बाजू लिहिते.

दोन माणसं असली तर मला काही अडचण नाही. अडचण याची आहे की मला तेच ते दोनदा सांगावं लागतं. एकीला सांगितलं की पांढरे झाकायचेत पण एकदम काळे नकोत, शाळेत पोरं हसतात एकदम काळं करून गेलं की, गडद ब्राऊन ठेव. ती हो म्हणाली. मग दुसरा आला कापायला, त्याला माहीतच नाही की पुढचे पांढरे मला भांगाच्या कडेने झाकून ठेवायचे असतात, त्याने भांग बदलून कापलं. दोघांचं काम आपापल्या जागी चांगलं, पण माझं डोकं मधल्यामधे. कोणीतरी एक माझं म्हणून हवं, जो सुरुवातीला ऐकेल आणि शेवटी आरसा मागे धरून विचारेल की ताई ठीक आहे ना. काम कोणी का करेना.

आणि तुम्ही कोणीच बोलला नाहीत ते एक. तुमच्याकडे कटिंगवाला पोरगा आहे आणि कलरवाली मुलगी. उद्या पूर्ण वाटणी केली तर लेडीज कट पण पोराकडेच जाणार. मला चालतं, पण माझ्यासोबत येणाऱ्या माझ्या जाऊबाई पुरुषाच्या हातून कापून घेणार नाहीत, आणि तालुक्याहून येणाऱ्या बऱ्याच बायका नाहीच घेणार, तोंडावर बोलणार नाहीत, पुढच्या वेळी येणार नाहीत एवढंच. तेव्हा त्या जामनेरच्या मुलीला कटिंग शिकू द्या. ती तिच्यासाठी मागतेय पण गरज तुमच्या दुकानाला आहे.

नाना_चोपडा

मी वय वर्षं 66, चोपड्याला दुकान होतं, आता मुलगा बघतो. नातू हे वाचून दाखवतो आणि मी सांगतो तसं टाइप करतो.

तुझ्या वडिलांचा विरोध का आहे ते मला कळतं, तुला कदाचित त्यांनी नीट सांगितलं नसेल. आमच्या वडलांच्या काळी बलुतं होतं. गावात आमची चार घरं, आणि वाटणी होती, पण ती कामाची नव्हती, घरांची होती. हा वाडा तुझा, ती गल्ली माझी. त्या वाड्यातलं जावळ पण तूच काढणार, नवरदेवाची दाढी पण तूच करणार, घरात कोणी गेलं तर दहाव्याला नदीवर पण तूच जाणार. खळ्यावर ज्वारी मिळायची ती त्या घराची मिळायची, एका डोक्याची नाही. एखाद्या पोराचं जावळ काढताना वस्तरा लागला तर अख्ख्या गावाला ठाऊक असायचं कोणाच्या हातून लागला. त्या आईने जे विचारलं ना तुला, ते तेव्हा विचारायची वेळच यायची नाही.

मी जुनंच धरून बसा म्हणत नाही. आम्हाला पेरॉक्साइडचे टक्के कुठे माहीत होते. जे काम ज्याला येतं त्यानेच करावं, त्यात दुमत नाही, वस्तऱ्याचा हात वेगळा आणि कैचीचा वेगळा हे आम्हालाही कळायचं, माझा धाकटा भाऊ दाढीला बसायचा आणि मी कटिंगला. पण गिऱ्हाईक एकाचंच असायचं. मी कटिंग करून धाकट्याकडे दाढीला पाठवलं तरी उठताना तो माणूस मला राम राम करून जायचा. शाळेच्या बाईंनी वर तेच लिहिलंय. तू काम वाट, गिऱ्हाईक वाटू नको.

वडिलांना हे वाचून दाखव, आणि त्यांना माझा राम राम सांग. श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांच्या पुण्यतिथीला जळगावला येतो, तेव्हा भेटू.

कैची_जळगाव

मंडळी सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दुकान बंद केल्यावर सगळ्यांना बसवलं, शटर अर्धं ओढून, आणि बाबांना पूर्ण वाचून दाखवलं. नानांचं ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आमच्या पण दोन गल्ल्या होत्या धरणगावला. मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. धुळ्याच्या ताईंचं वाचलं तेव्हा जामनेरवाली तिचे हात टेबलाखाली घेत होती. मी दाखव म्हटलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोललेली, तीन महिन्यांपासून, आणि मला माहीत नाही. उद्या तिला डॉक्टरांकडे नेतोय, खर्च दुकानाचा. नायट्राइलचे दोन बॉक्स आणले.

ठरलं ते सांगतो, चुकत असेल तर टोका. केमिकलची चावी तिच्याकडे, तिच्या परवानगीशिवाय मी पण कपाट उघडणार नाही. पण सगळं तिनेच लावायचं असं नाही, ती मिश्रण आणि निर्णय बघणार, लावायला बायको शिकतेय म्हणजे एकाच हाताला सगळं लागणार नाही. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी गर्दी नसते, तेव्हा यावलवाला तिला कटिंग शिकवणार, आणि ती त्याला निदान केस ओळखायला शिकवणार, कोणत्या केसाला हात लावायचा नाही एवढं तरी. तो पोरगा त्या दिवसापासून गप्प गप्प आहे. त्याच्या मनात ते बसलंय, ब्लीचचा डबा दिसला तरी तोंड फिरवतो. रागावण्यासारखं काही राहिलेलं नाही त्याला.

मोठा कट आधी, मग कलर. गिऱ्हाईक जो पहिल्यांदा बसवेल त्याचं, शेवटचा आरसा तोच धरणार. कमिशन माल वजा करून, दोघांचं वेगळं. हे सगळं श्रावणात करून बघायचं ठरवलंय, कारण श्रावणात आपल्याकडे दाढी-कटिंग निम्म्यावर येते, चुकलं तर सावरायला वेळ मिळेल, आणि पुढे दिवाळीच्या आत बसून जाईल.

त्या मुलीच्या घरी आज बायकोसोबत जाऊन आलो. ती सासरी गेली, आई होती. मी सांगितलं की मिश्रण कोणी केलं, फॉइल कोणी बांधले, धुतलं कोणी आणि कापलं कोणी, आणि का झालं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवला. केस वाढेपर्यंत दर दोन महिन्यांनी ती माहेरी आली की टोकं कापून द्यायची, असं बायकोने कबूल केलंय.

भुसावळच्या ताई, एक विचारायचं राहिलं. मिश्रण वजनावर करायचं ठरवलंय, आजपर्यंत अंदाजे पिळायचो. काटा कोणता घेऊ?

भुसावळची_ताई

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा घे, तेवढा पुरतो. वाटी ठेवून शून्य करता येणारा बघ. सेलवर चालणारा घे, चार्जिंगचा नको, लाईट नेमकी मिश्रणाच्या वेळेला जाते. आणि किती डेव्हलपर घालायचा ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, कुठे एकास एक, कुठे एकास दीड, तर ट्यूबच्या खोक्यातला कागद फेकू नको, कपाटाच्या दाराला आतून चिकटव.

त्या मुलीच्या टोकांना कापायच्या आधी थोडं खोबरेल लावून ठेवायला सांग, धुवायच्या आदल्या रात्री. आणि तिला बोअरच्या पाण्याने डोकं धुऊ देऊ नको म्हणावं, सासरी नळाचं येत असेल तर तेच वापर.